बिल्डरच्या ॲपमधलं तिचं नाव

पहिल्यांदा मला वाटलं, सेक्रेटरी थापा मारतायत. मारतात ते अधूनमधून. चाळीच्या भल्यासाठी म्हणून मारतात, पण मारतात. त्या रविवारी सकाळी अंगणात जाजम टाकून भाडेकरू कमिटीची सभा भरली होती. विषय नेहमीचाच: चाळ पाडून टॉवर बांधायला बिल्डर संमतीच्या सह्या गोळा करतोय, त्याचं काय करायचं. तेवढ्यात सेक्रेटरींनी स्वतःचा मोबाइल डोक्यावर धरला.

"हे बिल्डरचं ॲप. ह्यातूनच तो घराघरातून सह्या घेतोय. ह्यात खाली जा. आणखी खाली. एकदम तळाला परवान्यांचं पान आहे. तिथे कोणाचं नाव आहे ते तुम्हीच वाचा. मी बोललो तर म्हणाल, सेक्रेटरी आग लावतात."

मोबाइल हातोहात मागे येत गेला. ज्याच्या हातात जाईल तो वाचायचा आणि मान वर करून पुढच्या रांगेकडे बघायचा. माझ्याकडे आला तेव्हा मीही वाचलं. बारीक इंग्रजी अक्षरांचं जंगल, आणि मधोमध माझ्या मैत्रिणीचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. शंकेला जागाच नाही. आणि तेच वडील पुढच्या रांगेत, कमिटीचे सभासद म्हणून, सेक्रेटरींच्या मांडीला मांडी लावून बसलेले.

"आपल्या चाळीच्या पोरीने बिल्डरचं ॲप बनवलंय," सेक्रेटरी म्हणाले. "आता बोला."

कोणी बोललं नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत सभेला शांतता म्हणजे अपघातच समजायचा.

मी कोण, ते इथे सांगायला हवं. चाळीच्या लढ्याची पत्रकं मी लिहिते. आजोबा गिरणीच्या गेटवर पत्रकं वाटायचे, तेव्हापासूनचा हा घरचा धंदा, बिनपगारी. पत्रक कसं लिहायचं ते मला शाळेतल्या निबंधाआधी आलं. वाक्य लहान. शत्रू एक. शेवटी मागणी आणि सभेची वेळ. बिल्डरवर मी इतकी पत्रकं लिहिलीत की त्याच्या आईने ऐकल्या नसतील इतक्या शिव्या त्याला छापील स्वरूपात मिळाल्यात. आणि आता शत्रूच्या पोटात जिचं नाव निघालं ती माझ्याशेजारी बालवाडीत बसलेली, माझ्या डब्यातली उसळ खाल्लेली, दुसऱ्या मजल्यावरची.

सभा संपायची वाट न बघता मी जिना चढले.

ती त्यांच्या पोटमाळ्यावर होती. त्यांच्या खोलीत तिची जागा तेवढीच, ताठ बसलं तर डोकं पत्र्याला लागतं. शिडीवर उभी राहूनच मी विचारलं, "तू बिल्डरला ॲप बनवून दिलंस?"

"कोण म्हणालं?"

"अख्खी चाळ म्हणतेय. तुझं नाव आहे त्यात."

"कुठेय? दाखव."

जिना चढता चढता मी ते ॲप माझ्या मोबाइलवर घेतलं होतं, ते उघडून दाखवलं. तिने वाचलं, आणि हसली. खरोखर खूश होऊन हसली. "अय्या, हे लोकसुद्धा माझी लायब्ररी वापरतात?"

खाली तिच्या बापाची इज्जत जाजमावर पडली होती आणि ही हसत होती. मला शिडीवरून पडायला झालं.

मग तिने मला समजावलं, आणि मी चिडून चिडून समजून घेतलं. वेबसाइट, ॲप असलं बरंचसं जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहितात. त्यात माहिती ठेवतात ऑब्जेक्टमध्ये. ऑब्जेक्ट म्हणजे लेबलं लावलेल्या डब्यांची फळी. एका डब्यावर 'नाव', एकावर 'खोली', एकावर 'फोन'. काही डब्यांच्या आत आणखी डबे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा निम्मा दिवस ह्या फळ्यांशी झटापट करण्यात जातो: दोन फळ्यांची एक करायची, एकीची हुबेहूब नक्कल काढायची, नको ते डबे वगळायचे, तीन डब्यांच्या आत लपलेली वस्तू नेमकी बाहेर काढायची. प्रत्येक जण हेच करतो आणि प्रत्येक जण त्याच चुका करतो. हिने ती कामं एकदा नीट, चोख लिहून काढली. त्याची छोटीशी लायब्ररी केली आणि इंटरनेटवर मोकळी ठेवली. ज्याला हवी त्याने घ्यावी.

"ऑफिसचं काम म्हणून?"

"छे गं. ऑफिस लोअर परळला, हे इथे. घरचं."

"बिल्डरने तुला विचारलं?"

"विचारायचं नसतंच. लायसन्समध्येच लिहिलंय, कोणीही वापरा. अट एकच. माझं नाव तिथे ठेवायचं, पुसायचं नाही. त्यांनी ठेवलंय, म्हणून तर तुम्हाला दिसलं."

"आणि तुला काय मिळालं?"

"काय मिळायचंय?"

हा मला बसलेला दुसरा धक्का, आणि खरं सांगते, पहिल्यापेक्षा मोठा. फुकट! अब्जावधीचे टॉवर उभारणारा माणूस आमच्या पोटमाळ्यावरचं काम फुकट उचलतो, त्याच्या जोरावर आम्हालाच घराबाहेर काढायच्या सह्या घेतो, आणि ते कायदेशीर असतं! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झालासुद्धा: ही नवी वेठबिगारी!

"वेठबिगारी काय डोंबलाची," ती म्हणाली. "मला कोणी वेठीला धरलंय? मला आवडतं म्हणून लिहिलं."

"मग काढून घे. आजच्या आज."

"काढून घेतलं तरी त्यांच्याकडे प्रत आहे."

"मग पुढच्या अपडेटमध्ये बिघाड घाल. ॲप बंद पडलं पाहिजे त्यांचं."

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. मग म्हणाली, "तुमच्या लढ्याची वेबसाइट उघड. गिरणगावातल्या सगळ्या चाळींची मिळून केलीय ती."

मी उघडली. तिने लॅपटॉपवर वेबसाइटच्या आतला कोड काढून एका ओळीवर बोट ठेवलं. "ही माझी लायब्ररी. तुमच्यातही आहे. बिघाड घातला तर तुमचीही बंद पडणार. परळच्या एका हॉस्पिटलात पेशंटची नोंदणी होते, तिथेही आहे, त्यांनी मला एकदा मेल करून शंका विचारली होती. आणखी कुठे कुठे आहे मला माहीत नाही. आणि एक गंमत बघ. तुमच्यात माझं नाव कुठेच नाही. कोणीतरी काढून टाकलंय. अट बिल्डरने पाळली, तुम्ही मोडलीत."

मी आमच्या वेबसाइटच्या तळापर्यंत जाऊन तिचं नाव शोधलं. खरंच नव्हतं.

पुढच्या रविवारी कमिटीने तिला सभेत बोलावलं. ती आली. ऑफिसला घालते ती कुर्ती घालून, केस घट्ट बांधून. डब्यांची फळी सांगायला लागली आणि मला कळलं की हे काही खरं नाही. अंगणातल्या लोकांना तिच्या तोंडून एकच ऐकायचं होतं: चुकलं. ती सांगत होती नक्कल म्हणजे काय.

"मॅडम, क्लास बंद करा," मागून एक जण ओरडला. "बनवलंस की नाही, एवढंच बोल."

तेव्हा तिचे वडील उठले. काका सहसा सभेत बोलत नाहीत. ते आमच्या गणपती मंडळाच्या भांड्यांचे राखणदार. जिन्याखालच्या खोलीत मंडळाचे मोठमोठे टोप, पराती, कढया, डाव आहेत. चाळीत कोणाचं लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, भांडी तिथूनच जातात. चावी काकांच्या कमरेला. मला आठवतं तेव्हापासून त्यांच्याच कमरेला.

"माझ्या चेडवान चोरी केल्यान काय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला की मालवणी वर येते. "भांडी देताना मी कोणाक इचारतंय काय, तुझ्या घरात कोण खातलो म्हणान? मागच्या लग्नसराईत ज्यांनी सह्या दिल्यानी, तेंकाव मी भांडी दिलंय. तुमी बघितलात. कोण काय बोलाक नाय. टोपार मंडळाचा नाव कोरलेला असा. अट एकच, घासून देवा आणि नाव खरवडू नकात. उद्या तो टोप बिल्डराच्या लग्नात दिसलो तर मंडळान बिल्डराचा जेवण केल्यान, असा म्हणूचा?"

लोक हलले. खरंच हलले. दोनचार माना डोलल्या. माझ्या मनात आलं, सुटलो. जे मला लॅपटॉप समोर असून कळत नव्हतं ते काकांनी एका टोपात बसवलं होतं.

पण सेक्रेटरी मुरलेले. ते उठलेदेखील नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "दादा, तुमच्या टोपात भात शिजतो. त्या ॲपमध्ये आमची घरं शिजतात."

टाळ्या पडल्या. वाक्य लहान होतं, नेमकं होतं, शत्रू स्पष्ट होता. मीसुद्धा टाळी वाजवली. हात आपोआप गेले. चांगलं वाक्य ऐकलं की जातात.

कमिटीचं म्हणणं ठरलं: पोरीने त्या लायब्ररीत बिघाड घालून बिल्डरचं ॲप बंद पाडावं, नाहीतर तिचं घर फुटलेलं धरण्यात येईल. ती म्हणाली, "मी घालणार नाही." एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

सभेनंतर सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "पत्रक टाक तिच्यावर. नाव घेऊन."

"नाही टाकणार."

"मैत्रीण म्हणून?"

"खोटं आहे म्हणून. तिने ॲप बनवलेलं नाही."

"ॲपमध्ये तिचं नाव आहे की नाही?"

"आपल्या वेबसाइटमध्येही तिचंच काम आहे, सेक्रेटरी. आपण तर नाव पुसून वापरलंय."

"ते वेगळं," ते म्हणाले. वेगळं कसं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना ते सांगावंसंही वाटलं नाही.

मी नाही म्हटलं म्हणजे पत्रक निघणार नाही, अशी माझी समजूत. किती घमेंड असावी माणसाला! त्याच आठवड्यात मी कामावरून आले तर तळमजल्यापासून जिन्याच्या भिंतीला पत्रक चिकटवलेलं. मथळा: 'भिंतीला भोक घरातून पडतं!' खाली: 'बाहेरचा चोर दार ठोठावतो, घरचा चोर कडी काढतो. आपल्या ताटात जेवून त्याच्या पंगतीत वाढणाऱ्यांना ओळखा. त्यांच्याशी बोलणं बंद, देणंघेणं बंद.' आणि मग तिचं नाव. वडिलांच्या नावासकट.

मी ते वाचलं आणि पायऱ्यांवर बसले. त्यातलं प्रत्येक वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वी बिल्डरचा एक दलाल आमच्या चाळीत खोली भाड्याने घेऊन राहिला होता, पोरांना दारू पाजून सह्या घेत होता. त्याच्यावर मी हे लिहिलं होतं. तो पळून गेला, तेव्हा मला चाळीने डोक्यावर घेतलं होतं. तीच वाक्यं उचलून, दलालाचं नाव काढून, त्या जागी तिचं घातलेलं. कोणी मला विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नाही, पत्रक चळवळीचं असतं, लिहिणाऱ्याचं नसतं, हे मीच सगळ्यांना शिकवत आले. खाली माझं नाव नव्हतं. पण चाळीत माझी भाषा कोणाला ओळखू येत नाही?

तिला मी सांगितलं होतं, काढून घे. मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता घे म्हणावं ही वाक्यं काढून!

मी पत्रकं फाडायला लागले. खळ ओली होती, निम्मा कागद भिंतीलाच राहायचा. पहिल्या मजल्यावर एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "फाडतेस कशाला? झकास उतरलंय."

"मी लिहिलेलं नाही, आजोबा."

"बरं," ते म्हणाले आणि डोळा मारला. "नाही तर नाही."

दुसऱ्या मजल्यावर तिची आई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक पत्रक होतं, नीट घडी घातलेलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुझाच ना गो हा?"

"काकी, शप्पथ नाही."

"वाचतानाच कळला माका." त्या रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. मुलीकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गो. फुकट दिलंस तर दिलंस. नाव कित्याक ठेवलंस? नाव ठेवला नसतंस तर कोणाक कळला असता?"

मुलगी पोटमाळ्यावर होती. वरूनच म्हणाली, "माझं आहे म्हणून ठेवलं, आई."

माझ्याशी ती बोलली नाही.

'देणंघेणं बंद' हे पत्रकातलं वाक्य. मी लिहिलं तेव्हा ते नुसतं वाक्य होतं, कानाला बरं वाटतं म्हणून घातलेलं. चाळीने त्याचा कायदा केला. सेक्रेटरी दोघांना घेऊन मैत्रिणीच्या दारात गेले आणि काकांकडे भांड्यांच्या खोलीची चावी मागितली. मी गॅलरीतून बघत होते. काकांनी का म्हणून विचारलं नाही. चावी ओवलेल्या करगोट्याची गाठ सुटेना, तेव्हा काकींनी सुरी आणून तो कापला. चावी हातावर ठेवून काका म्हणाले, "घेवा."

मग जरा थांबून म्हणाले, "मोठ्या परातीक तळाक भोक पडलाहा. भात काढू नकात तेच्यात."

त्या दिवसापासून भांडी फक्त सही न केलेल्या घरांना द्यायची, असं ठरलं. आमच्या चाळीत! जिथे एकमेकांवर खटले भरलेली माणसंही एकाच टोपातला मसालेभात खात आली!

पुढचा रविवार उजाडला आणि काकांनी बिल्डरचं ॲप स्वतःच्या मोबाइलवर घेतलं.

मला ते कळलं कारण तिनेच मला बोलावलं. पत्रकानंतर पहिल्यांदा हाक मारली. "वर ये. काहीतरी दाखवायचंय." मी धावत गेले. काका खाटेवर बसलेले, चष्मा कपाळावर, मोबाइल हातात. मी विचारलं, "काका, खरंच सही करताय?"

"गद्दार म्हणतत ना?" ते म्हणाले. "मगे केली काय, नाय केली काय, एकच."

"तुम्ही नका करू. मी सेक्रेटरींना..."

"तुझी वाक्यं बरी असतत गो," काका म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

पण सही होत नव्हती. ॲप एका पानावर येऊन अडकायचं. मधोमध गोल चक्र फिरत राहायचं, फिरत राहायचं. काकांनी पुन्हा सुरुवातीपासून सगळं भरलं. पुन्हा तिथेच अडकलं.

मैत्रीण म्हणाली, "हेच दाखवायचंय. हा बग आहे. चूक. आणि चूक माझ्या लायब्ररीत आहे."

तिने समजावलं. रिकामं दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे फळीवर डबाच नाही. दुसरं म्हणजे डबा आहे, लेबल आहे, पण 'इथे काही नाही' असं मुद्दाम सांगून तो रिकामा ठेवलाय. हिच्या लायब्ररीतलं जे काम आतल्या डब्यातली वस्तू बाहेर काढतं, ते पहिल्या रिकाम्याला सावध होतं, दुसऱ्याला नव्हतं. तिथे हात घातला की कोसळत होतं. चाळीतल्या बहुतेक भाडेपावत्यांवर दोन नावं आहेत, भावाभावांची, नवराबायकोची. काकांच्या पावतीवर एकट्याचंच. सहभाडेकरूचा डबा मुद्दाम रिकामा. म्हणून ॲप अडकत होतं.

"म्हणजे पावतीवर एकच नाव असलेल्या कोणालाच सही करता येत नाहीये?" मी विचारलं.

"कोणालाच नाही."

मला तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई आठवल्या. एकट्या राहतात, पावतीवर एकट्या. बिल्डरची माणसं पुन्हा पुन्हा येऊन गेली, तरी त्यांची सही झाली नाही. आम्ही त्यांच्यावर पत्रक काढलं होतं, 'अढळ आजी'. श्रीफळ देऊन सत्कार करायचं चाललं होतं. मी तशीच खाली जाऊन त्यांना विचारलं, आजी, तुम्ही सही का नाही केलीत? आजी म्हणाल्या, "अगं, भाच्याने दोनतीनदा करून बघितली. ते फिरतच राहतं. म्हटलं मरू दे, माझ्या नशिबातच नसेल."

ह्याला आम्ही अढळपणा म्हणत होतो.

मी परत वर आले तेव्हा तिचा लॅपटॉप उघडा होता आणि बोटं चालत होती. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "थांब," मी म्हणाले. "हात लावू नकोस. तुला बिघाड घालायचा नव्हता, मान्य. हा तू घातलेला नाही, आपोआप आहे. तू नुसती गप्प बस. आजीची सही अडकलेली राहील. काकांची राहील. अशा कितीतरी चाळी असतील. तुला काहीच करायचं नाही. काही न करणं हा गुन्हा नाही."

"मला दिसलंय ते," ती म्हणाली.

"मग विसर!"

"हॉस्पिटलात नोंदणीला नातेवाइकाचा डबा असतो. ज्याला कोणी नाही त्याचा रिकामा. तो पेशंट खिडकीशी उभा आहे आणि समोर हेच चक्र फिरतंय. त्याला काय सांगू? आमच्या चाळीत लढा चाललाय, थांबा?"

"त्यांना वेगळं कळव."

"सगळे कोण ते मला माहीत नाही. तेच तर."

"तू बिल्डरचं ॲप दुरुस्त करून देतेयस! तुला कळतंय का काय करतेयस?"

"मी माझं दुरुस्त करतेय," ती म्हणाली. "तुला तुझं करता येत नाही, म्हणून माझ्यावर ओरडू नकोस."

काकी आतून म्हणाल्या, "भांडू नकात. चाय घेवा."

चहा झाला. त्या चहाएवढ्या वेळात तिची दुरुस्ती झाली. चारपाच ओळी असतील. तिने त्या पुन्हा पुन्हा तपासल्या, आणि मोकळ्या केल्या, जगाला.

बिल्डरपर्यंत ती दुरुस्ती लगेच पोहोचणार नव्हती, त्यांचं ॲप नवं व्हायला काही दिवस लागतील असं ती म्हणाली. तेवढे दिवस माझ्या हातात होते. मी सेक्रेटरींकडे गेले. सांगितलं, चावी परत द्या, पत्रक मागे घ्या, ते घर जातंय. सेक्रेटरी जेवत होते. म्हणाले, "सही झाली नाही ना अजून? मग झालं तर. दादा चार दिवस फुगून बसतील आणि येतील खाली. मी त्यांना आज ओळखतो का?"

"ॲप अडकलंय म्हणून झाली नाही, सेक्रेटरी."

"देव करतो ते बऱ्यासाठी," ते म्हणाले आणि सोलकढी ओतून घेतली.

मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही. टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर होते. काकांनी ॲप उघडलं तर नवी आवृत्ती आल्याचं दिसलं. त्यांनी एकेक रकाना भरला. खोली. मजला. नाव. सहभाडेकरू, कोणी नाही. चक्र फिरलं आणि थांबलं. पुढचं पान उघडलं. काचेवर बोटाने सही करायची होती. काकांनी बोट आधी लेंग्याला पुसलं, मग हळूहळू सही केली, शाळेच्या दाखल्यावर केली असेल तशी, आडनावाच्या शेपटीसकट. पडद्यावर हिरवी खूण आली. ज्या माणसाने बिल्डरच्या पहिल्या माणसाला जिन्यावरून परत पाठवलं होतं, त्याची सही झाली.

ती वडिलांच्या खांद्यावरून बघत होती. "चाललं," ती पुटपुटली.

ती तिच्या त्या दुरुस्तीच्या ओळींबद्दल बोलत होती. रिकाम्या डब्यापाशी त्या कोसळल्या नाहीत. क्षणभर तिचा चेहरा निवला, काम बरोबर झालेल्या माणसाचा निवतो तसा. पुढच्याच क्षणी तिने वडिलांचं बोट पाहिलं, अजून काचेवर टेकलेलं, आणि तिथेच खाली बसली, त्यांच्या गुडघ्याला डोकं लावून. काका तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी काय करायचं होतं तिथे? मी खाली आले.

अंगणात सेक्रेटरी दोघाचौघांबरोबर उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. "काय गं?"

"झाली सही."

त्यांनी बाकीच्यांकडे वळून हात पसरले. "बघा. म्हणालो नव्हतो? मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं."

ते खरंच खूश होते. एक घर गेलं, आणि आपलं बरोबर निघालं म्हणून हा माणूस खूश होता. मी आजवर बिल्डरवर जेवढी चिडले नसेन तेवढी त्यांच्यावर चिडले.

"त्या घराकडून सही घेणं बिल्डरला जमलं नव्हतं, सेक्रेटरी," मी म्हणाले. "ती तुम्ही घेतलीत. माझी वाक्यं वापरून घेतलीत."

"हळू बोल. लोक गॅलरीत आहेत."

गॅलरीत लोक होतेच. दुसऱ्या मजल्यावरही होते. म्हणून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, वरपर्यंत जाईल अशा आवाजात.